यंकू, ‘तूर’ मी आत्ता ऐकली

यंकू,

परवा तुझं तेरावं झालं. काल दिवसभर लोकांची भांडी घासून परत देण्यात गेला, आणि आज हुमनाबादला घरी येऊन लिहायला बसले आहे. पुरवणीच्या संपादकांचा फोन आला होता. ‘बाई, तुम्ही त्यांच्या चुलतबहीण, शिवाय आमच्याकडे लिहिता. जन्म, शिक्षण, बँड, गाजलेली गाणी, असं थोडक्यात द्या.’ मी म्हटलं, ते सगळं इतरांनी छापून झालंय. मला ‘तूर’च्या परीक्षणाची दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, ‘दोन वर्षांनी कोण दुरुस्ती छापतं, बाई?’ मी छापते, असं सांगून फोन ठेवला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, त्यांनाही आता कळला.

वाचणाऱ्यांसाठी एकदाच सांगते, तू कंटाळू नकोस. बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडच्या आमच्या काकांचा तू धाकटा मुलगा, व्यंकट, घरात यंकू. पुण्यात ‘चेकपोस्ट’ नावाचा तुमचा रॉक बँड, त्यात तू गायचास आणि गाणी लिहायचास. पहिल्या दोन अल्बमनी तुम्हाला एवढं नाव मिळालं की हायवेवरच्या धाब्यापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत जिकडेतिकडे तुझाच आवाज. मी इथे हायस्कुलात मराठी शिकवते आणि उदगीरच्या एका दैनिकात पंधरवड्याला गाण्यांवर लिहिते. तू अडतिसाव्या वर्षी, सकाळचा चहा पिता पिता छाती धरून बसलास आणि उठला नाहीस. त्या दिवसाविषयी याच्यापुढे मला काही लिहायचं नाही.

लिहायचंय ते तुमच्या तिसऱ्या अल्बमविषयी. ‘तूर’ हे नाव ऐकलं तेव्हाच मी हसले होते. ‘अरे, रॉकवाल्यांच्या अल्बमला कुणी तूर नाव ठेवतं का? उद्या ज्वारी काढशील, परवा करडई.’ तू म्हणालास, ‘गुलबर्ग्याची तूर सगळा देश खायलाय अक्का, नाव कुणी घेईना. आपण घेऊ.’ त्यावर मी विषय बदलला. तुझ्याशी बोलताना मी हे नेहमीच करायचे आणि तुला ते नेहमीच कळायचं.

‘तूर’ आली आणि समीक्षकांची जी त्रेधा उडाली ती मी अजून विसरले नाही. आठ गाणी: पाच मराठी, दोन कन्नड, एक दखनी. आपल्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेवढ्या भाषा बोलल्या जातात तेवढ्याच अल्बममध्ये. पण पुण्याच्या पेपरनं लिहिलं, मराठी गाणी ठीक, बाकीची भरताड. बंगळूरच्या एकाला कन्नड गाण्यांत मातीचा वास आला आणि मराठीत नुसता गोंगाट. हैदराबादच्या साप्ताहिकानं एकट्या दखनी गाण्याला डोक्यावर घेतलं. मुंबईच्या एका संकेतस्थळानं अडीच तारे दिले. तो अर्धा कशाबद्दल ते सांगितलंच नाही. आणखी कुणीतरी मथळा दिला, ‘डाळ शिजली, फोडणी राहिली.’ एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: गाणी फार गुळगुळीत झालीत, व्हायोलिनं जास्त झालीत, पहिल्या दोन अल्बममधला खडबडीतपणा गेला.

आणि मग मी लिहिलं. मी लिहिलं की अल्बम फार कच्चा आहे.

ते कसं झालं, ते आता सगळ्यांना सांगते. काकू तुला पुण्याला डबा पाठवायची. धपाटे, शेंगाचटणी, लोणचं. आमच्याकडे कुरिअरवर कुणाचा विश्वास नाही; वस्तू गाडीत टाकायची असते. ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायची, वर मोबाइल नंबर लिहायचा, आणि तिकडे माणूस स्टँडवर उभा राहतो. डबा तसाच परत यायचा. आणि आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, गुळाचा खडा का होईना, आत काहीतरी पाहिजे. तू पुण्यात वीस वर्षं राहिलास, केस वाढवलेस, कानात बाळी घातलीस, पण काकूचा डबा कधी रिकामा पाठवला नाहीस. घरात काही नसायचं म्हणून जे हाताला लागेल ते टाकायचास. एकदा लिंबू निघालं. एकदा हॉटेलातल्या बडीशेपेच्या पुड्या. एकदा गिटारची तुटकी तार. काकूनं त्या तारेनं परसातला वेल बांधला.

त्या खेपेला डब्यात पेनड्राइव्ह निघाला. डबा काकूचा, पण हुमनाबादच्या स्टँडवरून आणायला मी गेलेली, आणि उघडला मीच. तुला फोन केला. तू कुठेतरी गडबडीत होतास. ‘गाणी हायत अक्का, आईला ऐकव,’ एवढंच म्हणालास. आठच दिवसांपूर्वी तू सांगितलं होतंस की अल्बम झालाय, आता येईल. मी समजले की हाच तो. सगळ्या महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या आधी ‘तूर’ माझ्या हातात आली, म्हणून मी स्टँडवरून घरापर्यंत ताठ मानेनं चालत आले. ओट्यावरच्या छोट्या स्पीकरला पेनड्राइव्ह लावला आणि भाकरी थापता थापता आठही गाणी ऐकली. रविवारी हळ्ळीखेडला नेऊन काकूलाही ऐकवली. काकू म्हणाली, ‘ह्येच्यात त्याचा आवाज घरच्यावानी लागायलाय.’ मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी मनात परीक्षण लिहीत होते.

अल्बम बाजारात आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझा लेख छापून आला. मी लिहिलं की ढोलांच्या आवाजात गायक बुडून जातो. सहाव्या गाण्याला शब्दच नाहीत, नुसतं पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणणं. इतक्या नावाजलेल्या बँडनं एवढं निष्काळजी काम करावं हे शोभत नाही. तिसऱ्या गाण्याची मात्र मी तोंड भरून स्तुती केली. ते गाणं ऐन रंगात आलेलं असताना मधूनच, ओळीच्या मध्यावर, तुटतं. मी लिहिलं, असा शेवट करायला छाती लागते. आणि सगळ्यात शेवटी, पुण्यामुंबईच्या ज्यांना हा अल्बम गुळगुळीत वाटला त्यांनी कान तपासून घ्यावेत, असा सल्ला दिला. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःसाठी पुन्हा एकदा चहा ठेवला होता, इतकी खूश होते.

रविवारीच तुझा फोन.

‘अक्का, लेख वाचलो.’

‘मग? राग आला का?’

‘राग कामून येईल? तिसऱ्या गाण्याचा शेवट तुला एकटीला कळाला बघ. पुण्यात एकाला बी कळाला न्हाई.’

बोलता बोलता तुझा आवाज अडखळला. मला वाटलं, तू गहिवरलास. मी म्हटलं, ‘बरं बरं, डोळे पूस. पण सहाव्या गाण्यात शब्द कामून न्हाईत?’ तू म्हणालास, ‘लिहायलोय अक्का, अजून लिहायलोय.’ मला ते उद्धट वाटलं. झालेल्या अल्बमचं गाणं अजून कसलं लिहायलाय हा?

बाजारातला अल्बम मी कधी ऐकलाच नाही. कशाला ऐकू? माझ्याकडे होता की. माझ्या फोनमध्ये गाण्यांची ॲपं नाहीत आणि धाब्यांवर अजून तुमची जुनीच गाणी वाजतात. एकदा एका वरातीत ‘तूर’चं पहिलं गाणं कानावर आलं तर मागे भलतीच व्हायोलिनं. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, ‘हे डीजेवाले काय वाटेल ते मिसळतात हो.’ त्या माउलीनं मान डोलावली. मला सावध करायला देवानं याहून जास्त काय करायला पाहिजे होतं?

आता येळवशीचं सांगते. ते मला फार जड जातंय, पण त्याच्यासाठीच तर हे सगळं लिहिते आहे.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पौषाच्या तोंडावर त्या दिवशी आमच्या भागात गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, कोपीभोवती फेऱ्या घालायच्या आणि मग झाडाखाली बसून हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. त्या वर्षी तू मुद्दाम पुण्याहून आला होतास. काकू, तुझी बहीण आणि तिच्या सासरचे, कोहिनूर गावचे गुंडूमामा, आमचे सगळे, चाळीसेक माणसं पंगतीला. गुंडूमामांनी सहज विचारलं, ‘यंकू, तुझं नवं गाणं चालंना म्हणं? कामून रे?’ तू हसलास. ‘मामा, कुणाला आवडायलंय, कुणाला न्हाई. डाळीचं असंच असतंय.’

तिथे विषय संपला असता. पण मी होते ना. मी वाढता वाढता म्हटलं, ‘मामा, मी सांगते. ह्याला आता शब्द सुचंना झालेत. सहाव्या गाण्यात नुसतं हूंऽ हूंऽ करतोय. पुण्यात राहून राहून ह्याची भाषाच आटली.’ आणि तुझं ते गुणगुणणं मी करूनही दाखवलं. लोक हसले. तुझ्या भाच्यानं तर मला पुन्हा करून दाखवायला लावलं.

काकू काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात तू वाकून तिच्या वाडग्यात आंबील ओतलीस, सांडेपर्यंत ओतलीस. आणि मला म्हणालास, ‘खरं हाय अक्का. सुचंना झालंय.’ मी जिंकले होते. मी पुढच्या माणसाला भज्जी वाढायला गेले.

त्यानंतरच्या येळवशीला तू आला नाहीस. कार्यक्रम होते म्हणालास. असतील. पण माझ्या प्रत्येक लेखानंतर तुझा फोन मात्र चुकला नाही. मी कुणाला चढवलं की तू त्याला उतरवायचास, मी कुणाला झोडपलं की तू त्याची बाजू घ्यायचास. ‘अक्का, तू गाणं ऐकायलीस का गायकाची परीक्षा घ्यायलीस?’ तासतास भांडलो आपण. माझे यजमान म्हणायचे, नवरा-बायको बरे. आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी मी तोच चिमटा काढायचे: ‘सहाव्या गाण्याचे शब्द झाले का रे लिहून?’ दोन वर्षं, यंकू. दोन वर्षं मी तुला ते विचारत होते आणि दोन वर्षं तू ‘लिहायलोय’ म्हणत होतास.

परवा सकाळी तुझ्या बँडची मंडळी आली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. गुलबर्ग्याचा मुजीब, तुझा ड्रमवाला, काकूच्या पायाशी बसला तो उठेचना. विधी उरकले, स्वयंपाक होत आला, पाहुणे अंगणात सावलीला बसले होते. काकू मुजीबला म्हणाली, ‘बाबा, त्याचं त्ये शेवटचं लाव की. तुरीचं.’ गुंडूमामा कुरकुरले, ‘अगं, आजच्या दिवशी गाणं?’ काकू म्हणाली, ‘सुतक सपलं. लाव तू.’

मी आत वरणाला फोडणी देत होते. पहिलं गाणं सुरू झालं आणि मागे व्हायोलिनं. तीच, वरातीतली. मला वाटलं, मुजीबनं कुठलं भलतंच लावलं. दुसऱ्यात तुझा आवाज इतका स्वच्छ आणि इतका पुढे, की ढोलबिल सगळे बिचारे मागे हात बांधून उभे. तिसरं गाणं आलं. मी त्या तुटण्याच्या जागेची वाट बघत होते, पळी हातात तशीच. ते तुटलंच नाही. ओळ पूर्ण झाली, कडवं पूर्ण झालं, वर आणखी एक कडवं आलं. इकडे मोहरी करपली.

पाचवं संपेपर्यंत मी उंबऱ्यात येऊन उभी होते. सहावं सुरू झालं. तीच चाल. दोन वर्षं जिची नक्कल मी केली ती. आणि तिला शब्द होते.

शब्द इथे देत नाही. ज्याला पाहिजेत त्यानं अल्बम ऐकावा. नुसतं सांगते. हुमनाबादच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी असलेली एक आई आणि तिचा मुलगा. गाडी उशिरा येते म्हणून दोघं खूश आहेत, पण तसं कुणी बोलत नाही. एवढंच गाणं. कुठे मोठा शब्द नाही, कुठे रडणं नाही. मराठी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, मुलांना मी हेच सांगत आले की साधं लिहा. तू लिहिलं होतंस, आणि मी चाळीस माणसांसमोर म्हटलं होतं की तुझी भाषा आटली.

मुजीब नळावर हात धुवायला आला तेव्हा मी त्याला गाठलं. पेनड्राइव्हचं विचारलं. तो आधी सांगेना. मग म्हणाला, ‘आपा, वो तो कच्ची रेकॉर्डिंग थी. एक कमरे में बैठके, एकीच माइक पे. सहावे गाने के बोल तब लिखेच नै थे. डब्बा खाली कैसा भेजना बोलके उसने हाथ में आया सो डाल दिया.’

‘आणि तिसरं गाणं? ते मध्येच तुटतं ते?’

त्या दुःखातही त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. ‘लाइट गयी थी, आपा.’

लाइट गेली होती! छाती लागते म्हणून लिहिलं होतं मी. कान तपासून घ्या म्हटलं होतं! म्हणजे त्या रविवारी फोनवर तुझा आवाज अडखळला तो गहिवरानं नाही. तोंडावर हात दाबून हसत होतास तू. यंकू, गाढवा, हसलास ते बरं केलंस. मीही आता हसतेय, आणि डोळ्यांना पदर लावून लिहितेय.

मुजीबला मी विचारलं, माझा हा घोटाळा तुला कधी कळला होता? ‘पहिले दिनसेच मालूम था. लेख आया तो हम सब भड़के थे. हम बोले, हम फोन करके बोल देते. उनो बोला, नक्को. कायकू नक्को पूछे तो नुसता हँसता था.’ मग म्हणाला, ‘लेकिन एक बात बोलूँ? आपका लेख पढ़के उनो बोला, अक्का तीसरे गाने का सही बोलरी, वो गाना वहींच टूटना था. तबसे स्टेज पे हम वहींच तोड़ते. पब्लिक पागल हो जाती.’

मी तुमचा एकही कार्यक्रम पाहिला नाही. गर्दी सहन होत नाही, कान दुखतात, शाळा असते. दर वेळी नवं कारण. नाहीतर माझी चूक तू काय करून ठेवलीस ते मला तेव्हाच दिसलं असतं. माझ्या अडाणीपणातून तू कामाचं तेवढं निवडून घेतलंस आणि बाकीचं पाखडून टाकलंस, मला न सांगता.

आता परीक्षण. खरं, ऐकून केलेलं. काल भांडी घासताना मी तुझ्या बहिणीच्या फोनवर ‘तूर’ दिवसभर लावली होती. अल्बम कच्चा नाही, मी लिहिलं ते साफ चूक. पुणेकरांचे कान ठीक आहेत, सल्ला मागे घेते. गुळगुळीत आहे का? आहे, थोडा. पहिल्या आणि चौथ्या गाण्यात व्हायोलिनं जरुरीपेक्षा जास्त आहेत, लग्नात आग्रहानं वाढल्यासारखी. तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं उगाच आहे. लाइट गेली ती योग्य जागी गेली. कन्नड गाणी बंगळूरवाल्यांना वाटली तितकी थोर नाहीत, पण भरताड तर मुळीच नाहीत. दखनी गाणं ऐकून मला आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीपाशी उभं असल्यासारखं वाटलं. आणि ज्यांनी ज्यांनी आपल्या भाषेतलं गाणं निवडून बाकीचं टाकून दिलं, त्यांनी पंगतीत बसून एकच पदार्थ खाल्ला, त्याला मी काय करू? हे वाचून तू फोन केला असतास. ‘व्हायोलिन कामून नको? सांग, कामून?’ माझी उत्तरं तयार आहेत. दोन तास भांडले असते मी.

सहाव्या गाण्याचं इथे लिहीत नाही. थांब.

परवा दुपारी पंगत बसली. येळवशीला होती तीच माणसं, बहुतेक सगळी. मी वाढत होते, आणि माझ्याच्यानं राहवेना. पंगतीच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, ‘मला सगळ्यांना एक सांगायचंय. दोन वर्षांमागं येळवशीला मी म्हणलं होतं, यंकूला शब्द सुचंना झालेत म्हणून. ते खोटं होतं. मी अर्धंकच्चं गाणं ऐकून बोलले. त्यानं शब्द लिहिले होते, तुम्ही आत्ता ऐकलात तेच. त्याला माहीत होतं की मी चुकायलेय, तरी तो मला बोलला नाही.’

गुंडूमामांनी घास खाली ठेवला. ‘बाई, तू काय म्हणलीस त्या येळवशीला ते कुणाच्या ध्यानात हाय आता? कुणाच्याच न्हाई. कशाला जिवाला लावून घ्यायलीस?’ दोघातिघांनी माना हलवल्या. खरंच कुणाच्या लक्षात नव्हतं. जे बोलून मी दोन वर्षं मिरवत होते ते लोक हसून तिथेच विसरून गेले होते.

‘माझ्या ध्यानात हाय,’ काकू म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून फार बोलली नव्हती. ‘मी तवाच सांगणार व्हते तुला. अगं, त्या गाण्यात मी हाय, त्यानं मला लावून दावलं व्हतं. पर त्यानं मला डोळ्यानं दाबला. आंबील सांडली माझ्या लुगड्यावर. घरी जाताना मी म्हणले, यंकू, कामून बोलू दिला न्हाईस रे? तर म्हणला, आई, माझ्याशी खरं भांडणारी अक्का एकटीच हाय. बाकीचे निस्ते वा वा करत्यात, न्हाईतर पाठीमागं बोलत्यात. तिला चारचौघांत गप केलो, तर पुन्हा कोण भांडंल माझ्याशी?’

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. काकूनं उठून ते माझ्या हातातून घेतलं. ‘आता सांगितलीस नव्हं सगळ्यास्नी. झालं. बस, जेव.’

बसले, यंकू. जेवलेही. काकू समोर उभी राहून वाढत होती, उठू देईना. पंगतीत सांगून झालं, आणि रविवारी हे छापून येईल तेव्हा उदगीरपासून बिदरपर्यंत सगळ्यांना कळेल. ज्यांच्या लक्षातही नव्हतं त्यांना सांगून झालं. ज्याच्या लक्षात होतं आणि जो दोन वर्षं ते कबूल करायची वेळ माझ्यावर आणत नव्हता, त्याला सांगायचं तेवढं राहिलं.

सहावं गाणं फार चांगलं लिहिलंयस रे.